निळ्या बालकांचा इतिहास

खानदेशांत मूल जन्मल्यानंतर पांचव्या दिवशीं पांचवी पुजतात, आणि सहाव्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचें भविष्य लिहून जाते अशी समजूत आहे. पाट्यावर वरवंटा ठेवून त्यास हळदकुंकू वाहतात, शेजारीं कोरा कागद आणि लेखणी मांडतात, आणि बाळंतिणीच्या खोलींत दिवा तेवत ठेवून घरांतील वडीलधाऱ्या बायका रात्र जागून काढतात. माझ्या मुलाच्या वेळीं आमच्या जळगांवच्या घरीं हा विधि झाला. त्या रात्रीं मीं आईस थोड्या थट्टेनें विचारलें कीं, सटवाई तर कोणास दिसत नाहीं, मग जागावयाचें कशासाठीं? आई म्हणाली, "सटवाईला पाहायला नाहीं जागत, पोराला पाहायला जागतों."

एरवीं ती जें कधीं बोलली नव्हती तें त्या रात्रीं बोलली. माझ्या आधीं तिला एक मुलगी झाली होती, हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. १९६६ च्या दसऱ्याच्या सुमारास, पांझरेकांठच्या एका खेड्यांत, आजोळीं तिचा जन्म झाला. मूल दिसावयास गोंडस. पण अंगावर पितां पितां मध्येंच थांबे, कपाळाला दरदरून घाम येई, आणि रडूं लागलें म्हणजे ओठ व नखें जांभळाच्या रंगाचीं होत. कोणी दृष्ट काढली, कोणी मुडदूस म्हटलें. तालुक्याच्या गांवीं एका डॉक्टरांनीं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलें आणि सांगितलें कीं, हृदयांत दोष आहे, मुंबईस न्या. मृग तोंडावर आला होता. बी-बियाण्याला काढलेलें कर्ज अंगावर होतें. आणि मुंबईस कोणाकडे जावयाचें हें घरांत कोणासहि माहीत नव्हतें. श्रावणांत ती गेली.

मी वैद्य नाहीं, इतिहास शिकविणारा मास्तर आहें. त्यामुळें त्या रात्रीं माझ्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तो इतिहासाचा होता. १९६७ सालीं त्या मुलीच्या दुखण्यावर उपाय होता काय? असल्यास तो कोठवर येऊन पोहोंचला होता? पुढें कित्येक वर्षें सवडीप्रमाणें मीं यासंबंधीं वाचीत गेलों, आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानांत आली. जन्मजात हृदयदोषाच्या उपचाराचा इतिहास हा रुग्णाचें वय उतरत जाण्याचा इतिहास आहे. उपाय प्रथम सात वर्षांच्या मुलीस मिळाला, मग सव्वा वर्षाच्या, आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक निकड होती त्या आठ दिवसांच्या अर्भकापर्यंत तो सर्वांत शेवटीं आला. आमच्या खानदेशापुरतें बोलावयाचें तर या इतिहासाला आणखी एक धागा आहे, आणि तो अंतराचा.

प्रथम दोषाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हृदयाला चार कप्पे असतात. उजव्या बाजूचें अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे जातें, तेथें प्राणवायु घेऊन डाव्या बाजूस येतें, आणि महारोहिणींतून सर्व शरीरास पोहोंचतें. आपल्या जुन्या शारीरशास्त्राच्या पुस्तकांत शुद्ध रक्ताच्या वाहिनीस रोहिणी आणि अशुद्ध रक्ताच्या वाहिनीस नीला म्हणत. हीं नांवें रंगांवरून पडलेलीं आहेत, आणि निळ्या बालकाचा सारा रोग त्या दोन रंगांच्या सरमिसळींत आहे. गर्भाशयांत मूल श्वास घेत नाहीं. त्याचा प्राणवायु नाळेंतून येतो. तेव्हां फुप्फुसाकडे रक्त नेण्याचें कारण नसल्यामुळें निसर्गानें फुप्फुसधमनी आणि महारोहिणी यांच्यामध्यें एक आडवी वाट ठेवलेली असते. पांझरेच्या फडांचें पाणी ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें लगेच समजेल. नदीला बंधारा घालून बाजूनें पाट काढावा, तशी ही वाट आहे. मूल जन्मून रडलें कीं फुप्फुसें उघडतात, आणि पाटाची गरज संपते. एक-दोन दिवसांत, फार तर आठवड्यांत, तो आपोआप मिटतो.

परंतु कांहीं मुलांच्या हृदयांत मुख्य नदीच अडलेली असते. फुप्फुसाकडे जाणारें तोंड बंद असतें, किंवा महारोहिणी चिंचोळी झालेली असते, किंवा दोन्ही मोठ्या वाहिन्या एकमेकींच्या जागीं निघालेल्या असतात. अशा मुलाचें सारें शेत त्या पाटावर जगत असतें. जन्माच्या वेळीं तें धडधाकट दिसतें, वजन चांगलें भरतें, पेढे वांटले जातात. आणि तिसऱ्या, चौथ्या किंवा पांचव्या दिवशीं पाटकरी आपल्या नेमाप्रमाणें पाट बंद करतो. मग मूल पीत नाहीं, निपचित पडतें, काळवंडतें, आणि कांहीं तासांत हातचें जातें.

पांचवी-सहावीच्या रात्रींच आपल्या बायका कां जागत, याचें उत्तर येथें सांपडलें असें म्हणण्याचा मोह होतो. मला तो बरेच दिवस झाला होता. पण इतिहासाच्या अभ्यासकानें अशा मोहापासून सावध राहावें हें बरें. जुन्या काळीं जन्मानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत मुलें दगावत, तीं फार करून नाळ कापतांना शिरलेल्या धनुर्वातानें आणि इतर जंतुदोषांनीं. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत नऊ बालग्रह सांगितले, त्यांतहि अशीं कित्येक दुखणीं एकत्र आलीं असावींत. हृदयदोषानें गेलेलें मूल त्या गर्दींत वेगळें दिसतच नव्हतें. आंकडेच पाहा. १९७१ सालीं भारतांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १२९ मुलें वर्षाच्या आंत मरत. दर हजारीं आठ ते दहा मुलें हृदयांत लहानमोठा दोष घेऊन जन्मतात, असा जगभरचा अनुभव आहे. एकशें एकोणतीस मरणांत तीं कोणाच्या लक्षांत यावयाचीं! २०२० सालीं हेंच प्रमाण देशांत २८ आणि महाराष्ट्रांत १६ वर आलें. नवजात अर्भकांचा धनुर्वात भारतांतून हटल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. पुराचें पाणी ओसरलें म्हणजे नदीच्या पात्रांतले खडक दिसूं लागतात, तसे हे जन्मजात दोष आतां दिसूं लागले आहेत. भारतांत दरसाल दोन लाखांहून अधिक मुलें असा दोष घेऊन येतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारें पंचमांश मुलांना पहिल्या वर्षांतच उपचार लागतो.

पाश्चात्य वैद्यांसहि हे खडक फार दिवस केवळ शवविच्छेदनाच्या टेबलावर ठाऊक होते. मार्सेय येथील फॅलो या फ्रेंच वैद्यानें १८८८ सालीं निळ्या रोग्यांच्या हृदयांत आढळणाऱ्या चार दोषांची एक मालिका वर्णिली. आजहि ती त्याच्या नांवानें ओळखली जाते. माझ्या बहिणीचा दोष तोच असावा असें मला वाटतें, पण वैद्य नसल्यामुळें ठाम म्हणवत नाहीं. ऑस्लरसारख्या थोर वैद्यानें आपल्या पाठ्यपुस्तकांत या रोगांकडे फारसें लक्ष दिलें नाहीं, कारण करण्यासारखें कांहींच नव्हतें. कॅनडांतील मॉड ॲबट या विदुषीनें एक हजार सदोष हृदयांची नोंद करून १९३६ सालीं तिचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. तो ग्रंथ म्हणजे एका परीनें हजार मरणांची वहीच होती. पण पुढील सर्व कार्य त्या वहीवर उभें राहिलें.

पहिलें दार उघडलें तें बोस्टन येथें, २६ ऑगस्ट १९३८ रोजीं. रॉबर्ट ग्रॉस नांवाच्या तरुण शल्यवैद्यानें सात वर्षांच्या एका मुलीची, जन्मानंतर मिटावयास हवी होती पण मिटली नव्हती ती वाट, दोऱ्यानें बांधून टाकली. मुलगी बरी झाली आणि म्हातारपणापर्यंत जगली. हृदयाच्या आंत त्यानें हात घातला नव्हता. बाहेरचा पाट तेवढा बांधला होता. पण जें असाध्य समजलें जाई तें साध्य झालें.

यानंतरची हकीकत मला सर्वांत विलक्षण वाटते. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत हेलन टॉसिग ही बालकांच्या हृदयरोगांचा विभाग चालवीत असे. तिला ऐकूं येईनासें झालें होतें. ज्या विद्येंत छातीला नळी लावून ऐकणें हेंच मुख्य, त्या विद्येंत बहिऱ्या बाईनें काय करावें? ती मुलांच्या छातीवर तळहात ठेवून पाही. आणि जें कानांना कळत नाहीं तें तिच्या हातांना व डोळ्यांना कळूं लागलें. तिच्या असें ध्यानांत आलें कीं, कित्येक निळीं बालकें तो पाट उघडा असेतोंवर बरीं असतात, आणि तो मिटला कीं खालावतात. तेव्हां पाट बांधतां येत असेल, तर नवा पाट खोदतां कां येऊं नये? हा विचार घेऊन ती ग्रॉसकडे गेली. पाट बांधण्यांत ज्याची कीर्ति, त्याला तो खोदण्याची कल्पना रुचली नाहीं. मग तिनें आपल्याच रुग्णालयांतील आल्फ्रेड ब्लॅलॉक यास गांठलें.

ब्लॅलॉकच्या प्रयोगशाळेंत व्हिव्हियन टॉमस हा कृष्णवर्णी सहाय्यक होता. सुतारकामांतून आलेला, वैद्यकीय महाविद्यालयांत जाण्यासाठीं साठविलेली शिल्लक १९३० च्या सुमारास बँक बुडाल्यानें गेलेली. त्याची नोंद झाडूवाल्यांच्या वर्गांत होती, पण हाताखालीं शेंकडों कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवून दाखविली ती त्यानें. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर ती प्रथम झाली. हाताकडे जाणारी रोहिणी वळवून फुप्फुसधमनीस जोडली. ब्लॅलॉक शस्त्र चालवीत होता, आणि त्याच्या खांद्यामागें स्टुलावर उभा राहून टॉमस टांका कोठें व कसा घ्यावा हें सांगत होता. त्या मुलीला कांहीं महिनेच आयुष्य लाभलें; पण मागाहून आलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाचे ओठ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच निळ्याचे गुलाबी झाले, असें टॉसिगनें लिहून ठेवलें आहे. शस्त्रक्रियेस नांव मिळालें ब्लॅलॉक व टॉसिग यांचें. टॉमसला त्या संस्थेनें सन्मान्य पदवी दिली ती १९७६ सालीं, बत्तीस वर्षांनीं. आमच्या समाजांत अशा गोष्टी होतात तेव्हां आपण जातीस दोष देतों, आणि तो द्यावयासच हवा. पण हा रोग केवळ आपल्याच मातींतला नव्हे.

आतां हृदय उघडून आंतील छिद्र शिवावयाचें राहिलें होतें. त्यास अडचण उघड होती. हृदय थांबविलें तर मेंदूस रक्त कोण देणार? जॉन गिबन यानें वीस वर्षें खपून हृदय-फुप्फुस यंत्र बनविलें आणि ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्याच्या साह्यानें अठरा वर्षांच्या मुलीचें छिद्र शिवलें; पण पुढील रोगी दगावल्यानें त्यानें हात टेकले. त्यानंतरच्या वर्षीं मिनेसोटांत वॉल्टन लिलेहाय यानें जें केलें तें ऐकून आजहि अंगावर कांटा येतो. मुलाच्या शेजारीं बापाला किंवा आईला निजवून दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनीं जोडल्या, आणि मुलाचें हृदय उघडें असेतोंवर आईबापाचें हृदय दोघांसाठीं चालूं दिलें. एका शस्त्रक्रियेंत दोन जीव जाऊं शकतील अशी ही एकच शस्त्रक्रिया, अशी टीका तेव्हां झाली. मुलासाठीं रक्ताचें पाणी करणें असें आपण सहज बोलून जातों. तेथें तें शब्दशः घडलें. २६ मार्च १९५४ रोजीं तेरा महिन्यांच्या मुलावर पहिला प्रयोग झाला. तो अकरा दिवसांनीं न्यूमोनियानें गेला. सव्वा वर्षांत अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या, ४५ पैकीं २८ मुलें घरीं परतलीं, आणि एकहि आईबाप दगावला नाहीं. तोंवर यंत्रें सुधारलीं आणि ही पद्धत मागें पडली.

या काळांत मुंबईंत काय चाललें होतें? १९२६ सालीं परळ येथें सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय निघालें तें हिंदी डॉक्टरांनींच चालवावयाचें या अटीवर. तेथील शल्यवैद्य प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत हृदयावरील शस्त्रक्रियांचा पाया घातला. दक्षिणेंत वेल्लोरला रीव्ह बेट्स या अमेरिकन शल्यवैद्यानें छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग त्याआधींच उभा केला होता. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुंबईंत आणि वेल्लोरला यंत्राच्या साह्यानें हृदय उघडून शस्त्रक्रिया होऊं लागल्या. म्हणजे १९६७ च्या ज्येष्ठांत तालुक्याच्या त्या डॉक्टरांनीं "मुंबईस न्या" म्हटलें तें उगीच नव्हतें. बॉल्टिमोरच्या त्या शस्त्रक्रियेस तेव्हां तेवीस वर्षें होत आलीं होतीं. धुळ्याहून चाळीसगांवपर्यंत फांट्याची गाडी होती, आणि चाळीसगांवहून मुंबईची गाडी रात्रीं मिळे. ती मुलगी वांचलीच असती असें मी म्हणत नाहीं. लहान मुलांवरील शस्त्रक्रिया तेव्हां मुंबईंतहि धोक्याच्याच होत्या. पण उपाय होता, आणि तो एका रात्रीच्या अंतरावर होता.

पुढील फेब्रुवारींत, १९६८ सालीं, याच सेन यांनीं के. ई. एम. मध्यें मनुष्यहृदयाचें प्रत्यारोपण केलें. दक्षिण आफ्रिकेंतील पहिल्या प्रत्यारोपणास तेव्हां तीन महिनेहि झाले नव्हते. रोगी कांहीं तासच जगला. वर्तमानपत्रांत ती बातमी मोठ्या अक्षरांत आली होती. आई म्हणाली कीं, वडिलांनीं ती वाचली, पत्राची घडी घातली आणि तें फडताळांत ठेवून दिलें. त्या दिवसानंतर घरांत तिचें नांव कोणीं काढलें नाहीं.

परंतु खरें सांगावयाचें तर, पांचव्या रात्रीं कोमेजणाऱ्या मुलास १९६८ सालीं मुंबईच काय, बॉल्टिमोरलाहि फारसा आधार नव्हता. त्याच्यासाठीं दोन-तीन गोष्टी त्या सुमारास व पुढें झाल्या. १९६६ सालीं रॅशकिंड यानें मांडीच्या शिरेंतून हृदयापर्यंत एक फुगा नेऊन वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास भोंक पाडण्याची युक्ति काढली. मोठ्या वाहिन्या उलट्या निघालेलीं मुलें तिनें कांहीं दिवस तग धरूं लागलीं. १९७५ सालीं ब्राझीलमध्यें आदिब झातेने यानें त्या उलट्या वाहिन्या कापून जेथल्या तेथें जोडून दाखविल्या. आणि त्याच सुमारास असें आढळून आलें कीं, प्रोस्टाग्लँडिन नांवाचें जें द्रव्य गर्भावस्थेंत तो पाट उघडा ठेवतें, तेंच शिरेंतून थेंबथेंब दिलें तर मिटत चाललेला पाट पुन्हां उघडतो. माझ्या समजुतीप्रमाणें नवजात बालकाच्या दृष्टीनें साऱ्या इतिहासांत याहून मोठी गोष्ट नाहीं. शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतच व्हावयाची. पण ही बाटली लहान गांवींहि लावतां येते, आणि ती लागली म्हणजे प्रवासाला वेळ मिळतो. या औषधानें मुलाचा श्वास मध्येंच थांबूं शकतो, म्हणून सोबत जाणता माणूस मात्र हवा.

येथें आमच्या दोन जिल्ह्यांकडे वळतों. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, आणि तेच पुढें जळगांव व धुळें. धुळ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ सालीं निघालें, जळगांवास २०१८ सालीं. राज्य सरकारनें गरिबांच्या हृदयरोगासारख्या मोठ्या दुखण्यांसाठीं जीवनदायी योजना १९९७ सालीं काढली होती. पण तिचें व्यापक रूप आलें २ जुलै २०१२ रोजीं, आणि तें पहिल्यानें आठच जिल्ह्यांत. त्या आठांत धुळें होतें, जळगांव नव्हतें. जळगांवास ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजीं, सबंध राज्याबरोबर, लागू झाली. मधल्या सोळा महिन्यांचा विचार मी पुष्कळदां करतों. पारोळें जळगांव जिल्ह्यांत. तेथून पश्चिमेस थोडें गेलें कीं धुळ्याची हद्द. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर पलीकडचें नांव असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च सरकार देई, अलीकडचें असेल तर शेत विकावें लागे. कोठूनतरी आरंभ करावा लागतो हें मला मान्य आहे. परंतु ज्या मुलाचें सारें आयुष्यच सोळा महिन्यांचें त्याला तो आरंभ उपयोगी पडत नाहीं. हीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते, आणि तिची मर्यादा मागाहून कुटुंबामागें वर्षास पांच लक्षांपर्यंत वाढली.

शाळांतील व अंगणवाडींतील मुलें तपासून असे दोष हुडकण्याचा देशव्यापी कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच पालघर येथून सुरू झाला. त्यानें फार चांगलें काम केलें आहे. पण पाहा, येथेंहि तोच क्रम. अंगणवाडींत पोहोंचलेलें मूल म्हणजे पहिल्या आठवड्यांतून वांचलेलें मूल! अर्भकाला पकडावयाचें तर बाळंतीण घरीं जाण्यापूर्वींच पकडावें लागतें, आणि त्याला फार मोठें साधनहि लागत नाहीं. २०२० च्या साथींत जें बोटाला लावण्याचें यंत्र घरोघर आलें, त्याचीच लहान आवृत्ति बाळाच्या उजव्या हाताला व एका पायाला, जन्मानंतर एक दिवस उलटल्यावर, लावून पाहावयाची. आंकडा पंचाण्णवाच्या खालीं असेल, अथवा हात व पाय यांच्या आंकड्यांत बरेंच अंतर असेल, तर पुन्हां मोजून, हृदयाची चित्रतपासणी केल्यावांचून त्या बाळास घरीं सोडूं नये. आपल्या लोकांच्या सांवळ्या वर्णांत निळसरपणा चटकन दिसत नाहीं. ओठ आणि जीभ उजेडांत पाहावी लागते, आणि तरीहि डोळा चुकतो. यंत्र रंग पाहून फसत नाहीं असें लिहिणार होतों, पण गडद वर्णावर तेंहि क्वचित् चुकीचा आंकडा दाखवितें असें अलीकडे सिद्ध झालें आहे.

गर्भाचें हृदय पांचव्या महिन्याच्या सुमारास आईच्या पोटांतच तपासतां येतें. मोठा दोष तेव्हांच दिसला तर बाळंतपण जेथें शस्त्रक्रिया होते त्या शहरांत करावें. पहिलें बाळंतपण माहेरींच, हा हट्ट तेवढ्यापुरता सोडावा. आणि एक गोष्ट घरांतील वडील माणसांस सांगावीशी वाटते. गर्भाचें हृदय तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत घडतें; कित्येक बायकांना तोंवर दिवस गेल्याची धड खात्रीहि नसते. ग्रहणांत भाजी चिरल्यानें कांहीं होत नाहीं. आईला त्या दिवसांत झालेला जर्मन गोवर, तिचा मधुमेह, जवळच्या नात्यांतील विवाह, अशीं कांहीं कारणें ठाऊक आहेत, आणि त्या गोवराची लस २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रांतील शाळाशाळांतून टोंचली गेली. पण बहुतेक मुलांच्या बाबतींत कारण सांपडतच नाहीं. माझ्या आईनें मात्र तीस-पस्तीस वर्षें तें आपल्या अंगावर घेतलें होतें.

दोष सांपडला तर पुढें काय, हा प्रश्न सर्व दोषांना मिळून एकदम विचारण्यांत अर्थ नाहीं. खालच्या कप्प्यांतील लहान छिद्र पुष्कळदां पहिल्या कांहीं वर्षांत आपोआप भरतें; न मिटलेला पाट आतां बहुधा छाती न उघडतां, पायाच्या शिरेंतून गुंडी नेऊन बंद करतात. फॅलोच्या दोषावर पहिल्या वर्षाच्या आंतबाहेर शस्त्रक्रिया होते आणि चांगल्या रुग्णालयांत शंभरांतील पंचाण्णवाहून अधिक मुलें तींतून सुखरूप उठतात. पुढें शाळा, नोकरी, लग्न सर्व होतें, मात्र तरुणपणीं एखादी झडप बदलावी लागण्याचा संभव असतो, म्हणून तपासणी जन्मभर सोडावयाची नाहीं. वाहिन्या उलट्या असलेलीं मुलें पूर्वीं निम्मीं पहिल्या महिन्यांत व दहांतील नऊ वर्षाच्या आंत जात. आतां पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर तीहि फॅलोच्या मुलांइतकींच वांचतात. उशीर झाला तर डावा कप्पा दुबळा पडतो आणि तीच शस्त्रक्रिया धोक्याची होते. डावी बाजू घडलीच नाहीं अशा हृदयाचें भविष्य मात्र अजूनहि कठीण आहे. तीन शस्त्रक्रिया, तीन-चार वर्षें, आणि उत्तम ठिकाणींहि कित्येक मुलें तो प्रवास पुरा करीत नाहींत. अशा घरीं कोणी कांहीं ठरविलें तरी बाहेरच्यानें बोट दाखवूं नये.

माझा एक जुना विद्यार्थी पारोळ्याकडे शिक्षक आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीं त्यास मुलगा झाला. दुसऱ्या दिवशीं घरीं सोडतांना परिचारिकेनें यंत्र लावलें. आंकडा सत्तरीच्या आंत. तिनें पुन्हां लावलें, मग दुसरें यंत्र आणून लावलें. जळगांवपेक्षां धुळें जवळ म्हणून तेथें गेले. वाहिन्या उलट्या आहेत हें कळलें, ती बाटली सुरू झाली, आणि रात्रीं रुग्णवाहिका नाशिकवरून मुंबईकडे निघाली. सोबत एक तरुण डॉक्टरीण होती. कसाऱ्याच्या घाटांत मुलाचा श्वास दोनदां थांबला, आणि दोन्ही वेळां तिनें फुगा दाबून तो परत आणला. नवव्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. फुले योजनेंत कागद बसले. तें सव्वातीनशें किलोमीटरांचें अंतर एका रात्रींत कापलें गेलें, हें मला त्यानें फोनवर सांगितलें तेव्हां मीं कांहीं बोललों नाहीं.

महिन्याभरानें बाळ घरीं आलें आणि राहिलेली पांचवी त्या दिवशीं पुजली. मी गेलों होतों. कोरा कागद लवकर सांपडेना, म्हणून त्याच्या आईनें रुग्णालयाच्या पिशवींतील एक पाठकोरा कागद काढून पाट्याजवळ मांडला. खालच्या अंगास पुढील तपासणीची तारीख लिहिलेली होती.